आईने धुतलेला ख्रिसमस

लेकीचं सामान लावून द्यायला मी ब्रुकलिनला गेले होते. खोकी मीच भरली होती, त्यामुळे प्रत्येकावर आत काय आहे ते लिहिलेलं होतं आणि कुठलं आधी उघडायचं तेही. लेक म्हणाली, "आई, चिल. फर्स्ट कॉफी." कॉफी त्या क्रमात नव्हती, पण गेले. कोपऱ्यावरच्या बेकरीचं दार कुणीतरी उघडलं आणि मी फुटपाथवर उभीच राहिले. जळलेली साखर, लवंग, संत्र्याची साल, आणि या सगळ्यांच्या तळाशी ऐसपैस मांडी घालून बसलेली रम.

"व्हॉट हॅपन्ड?"

"काही नाही. तुझ्या आजीने एकदा अख्खा ख्रिसमस धुतला होता, ते आठवलं."

"लाइक, मशीनमध्ये?"

"सिंकमध्ये," मी म्हटलं.

आम्ही तिथून दोन गल्ल्या पलीकडे राहायचो, एटीजमध्ये, मी शाळेत असताना. विटांचं दुमजली घर. वर आई, बाबा आणि मी भाडेकरू, खाली घरमालकीण टँटी मर्ल. ती ट्रिनिदादची, हॉस्पिटलात नर्स. ट्रिनिदादमध्ये मावशीला, आत्याला, शेजारच्या कुठल्याही मोठ्या बाईला टँटी म्हणतात, म्हणून मीही म्हणायचे. आई तिला मर्लताई म्हणायची. ती आईला 'नेबर' म्हणायची, आणि तेही जिन्याच्या तळातून, गल्लीला ऐकू जाईल असं. "नेबर! ऊन पडलंय! गाद्या काढ!" तिचं इंग्रजी गाण्यासारखं चढायचं आणि उतरायचं. आई म्हणायची, हिचं इंग्रजी मालवणी आहे. आईचं इंग्रजी साताऱ्याचं होतं. दोघींचं एकमेकींशी फार छान जमायचं. त्या काय बोलायच्या ते मला आता सगळं मराठीतच ऐकू येतं, म्हणून तसंच सांगते.

त्या घरातलं वर्ष कॅलेंडरवर चालायचं नाही, खालून येणाऱ्या वासांवर आणि आवाजांवर चालायचं. फेब्रुवारीत टँटी घुश्शात असायची, कारण तेव्हा तिच्या बेटावर कार्निव्हल आणि इथे गुडघाभर बर्फ. ती रेडिओ मोठ्याने लावायची आणि हॉस्पिटलातून आल्यावर कोट न काढता स्वयंपाकघरात एकटीच नाचायची. आमच्या फरशीतून ढोल यायचे. आई वर पोळ्या लाटायची त्या आपोआप ठेक्यात लाटल्या जायच्या. उन्हाळ्यात टँटी मागच्या अंगणात कैरी चिरायची, तिला मीठ, लसूण, मिरची आणि कोथिंबिरीच्या वासाचा एक लांब पानांचा पाला लावायची आणि एक वाडगा वर पाठवायची. आई एक फोड खायची आणि म्हणायची, "हे आपलंच आहे." टँटी खालून ओरडायची, "अजिबात नाही!"

फेब्रुवारीत बर्फात पिसं लावून नाचता येत नाही, म्हणून ब्रुकलिनचा कार्निव्हल सप्टेंबरच्या सुरुवातीला. त्याआधी महिनाभर टँटीच्या बैठकीच्या खोलीत पोशाख शिवले जायचे. जिन्यात टिकल्या, कठड्याला गोंद, आणि पिसं तर कुठेही. आमच्या आमटीत एकदा जांभळं पीस निघालं. आईने ते चिमटीत धरून वर केलं आणि बाबांकडे असं पाहिलं, की जणू त्यांनीच घातलं. बाबा ड्राफ्ट्समन होते. टँटीने त्यांना पंखांची तार वाकवून द्यायला सांगितली, तर त्यांनी आधी ड्रॉइंग काढलं, समोरून, बाजूने आणि वरून. टँटी हसून हसून जमिनीवर बसली. पण त्या वर्षी परेडमध्ये भर वाऱ्यात एकच जोडी पंख ताठ उभे राहिले, आणि ते बाबांचे होते. बाबा कित्येक दिवस ऑफिसात फोटो दाखवत फिरले. आई म्हणायची, "पंख दाखवा. पंखांखालची बाई झाका."

आणि डिसेंबर. डिसेंबरात टँटी घर उलटंपालटं करायची. भिंती पुसायची, फर्निचरला पॉलिश करायची, नवे पडदे शिवायची. आईला हे ओळखीचं वाटायचं, फक्त आपण दिवाळीला करतो ते ही दोन महिने उशिरा करते एवढंच. मग केक. काळा, जड, ओलसर केक. त्यात अंडी असतात म्हणून आई खायची नाही आणि मला 'तू पण नको' म्हणायची. बाबा मात्र शेजारधर्म म्हणून आमच्या तिघांच्या वाट्याचा केक एकटे संपवायचे. त्या संध्याकाळी ते फार मोकळेपणाने बोलायचे आणि नाट्यगीतं म्हणायचे. याचं कारण विचारावं असं आईला कधी वाटलं नाही.

त्या केकची फळं बेसमेंटमधल्या एका मोठ्या काचेच्या बरणीत असायची. मनुका, बेदाणे, सुके आलुबुखार, चेरी. एका ख्रिसमसचा केक झाला, की पुढच्याची फळं लगेच भिजत घालायची आणि वर्षभर मुरवायची. दर रविवारी चर्चहून आल्यावर टँटी टोपी न काढता खाली जायची, झाकण उघडून डोळे मिटून वास घ्यायची आणि बरणीला काहीतरी सांगायची. आईला हे फार आवडायचं. "लोणच्याशी असंच वागावं लागतं," ती म्हणायची. पण ती फळं कशात भिजतात हे टँटीने तिला कधी सांगितलं नव्हतं. सोवळ्याओवळ्याची माणसं, उगीच कशाला, असा तिचा सभ्य विचार.

ज्या वर्षाची गोष्ट सांगतेय, त्या वर्षी टँटीची आई येणार होती. तिला सगळे मॅमी म्हणायचे. मॅमी बेटावर एकटी राहायची आणि अमेरिकेवर तिचा राग होता. मर्ल न्यूयॉर्कला जाऊन दुकानातला केक खाणारी बाई होईल, असं तिने मुलगी विमानात बसताना सांगितलं होतं. टँटी तिला इथे कायमची राहायला ये म्हणून विनवायची. शेवटी मॅमीने निरोप धाडला. एक ख्रिसमस येते. तुझ्या घरात ख्रिसमस असेल तर राहीन, नसेल तर परत जाईन. तिकीट परतीचं काढ.

"आणि ख्रिसमस आहे की नाही, हे ती कशावरून ठरवणार?" आईने विचारलं.

"केकवरून," टँटी म्हणाली. "माझी आई देवाचा निकालसुद्धा केकवरून लावेल."

टँटी मॅमीला आणायला स्वतः बेटावर जाणार होती. नेमका तेव्हाच बेसमेंटमधला, घर गरम ठेवणारा बॉयलर बदलायचा ठरला. खाली माणसं, हातोडे, धूळ. टँटीने बरणी टॉवेलात गुंडाळून वर आणली आणि आमच्या ओट्यावर ठेवली. "नेबर," ती म्हणाली, "माझी आई राहते की जाते, ते या बरणीत आहे. सांभाळ."

"पोटच्या मुलीसारखी सांभाळीन," आई म्हणाली. मी तिथेच उभी होते. आईने मला कसं सांभाळलं ते मला माहीत असल्यामुळे मी थोडी काळजीत पडले.

बरणी घरात आहे आणि ती उघडून पाहिली नाही, हे आईच्या धर्मात बसत नव्हतं. ओला चमचा लागला नाही ना, बुरशी नाही ना, खार सुटलाय ना. दोन-चार दिवस तिने दम धरला. मग एका शनिवारी दुपारी, बाबा लायब्ररीत गेलेले असताना, तिने हात कोरडे केले, पदर खोचला आणि झाकण फिरवलं.

तो वास स्वयंपाकघरभर झाला. आई दोन पावलं मागे सरली. लोणच्यामुरांब्यात आयुष्य घालवलेल्या बाईला त्या वासाचा एकच अर्थ माहीत होता.

"आंबलंय," ती म्हणाली. "गेलं! सगळं गेलं गं!"

तिने क्वीन्सच्या कुंदाकाकूंना फोन लावला. कुंदाकाकू नागपूरच्या, आणि बिघडलेल्या पदार्थांबाबत महाराष्ट्र मंडळात शेवटचा शब्द त्यांचा. "नाकाला झोंबतंय का?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, डोळ्यांनाही झोंबतंय. "मग पाणी काढून टाक, फळं धू आणि नवीन पाकात घाल. घाबरू नको. माझा आवळा एकदा असाच वाचला होता."

आणि आईने वाचवायला सुरुवात केली. मी चाळण धरली. वर्षभराचं ते गडद, लालकाळं पाणी सिंकमधून खाली गेलं, गुळगुळ आवाज करत, फार समाधानाने. फळं कोमट पाण्याने पुन्हा पुन्हा धुतली. बिचारी पांढुरकी पडली. नव्या बॉयलरने रेडिएटर छान तापले होते, त्यांच्याजवळ आईने जुनं सुती लुगडं पसरून फळं वाळवली. मग एकतारी पाक केला, त्यात वेलदोडे, चार लवंगा, आणि मन मोठं करून केशर. बरणी उकळत्या पाण्याने धुतली, पुसली, मुरांबा भरला आणि तोंडाला स्वच्छ दादरा बांधला. कपाळावरचा घाम पुसून ती म्हणाली, "मर्लताईला सांगायचं नाही हं, की बिघडलं होतं. उगीच जिवाला लागेल तिच्या."

बाबा आले ते दारातच थांबले. बूट काढता काढता त्यांनी नाक वर केलं.

"कुणी आलं होतं का?"

"कोण येणार?"

"नाही, वास चांगला आहे."

"चांगला कसला! मर्लताईचं सगळं आंबलं होतं. थोडक्यात वाचवलं."

बाबा एक बूट घालून, एक हातात घेऊन सिंकपाशी आले. त्यांनी आत वाकून पाहिलं. असं वाकून पाहताना मी त्यांना फक्त एकदाच पाहिलं होतं, आजोबा गेले तेव्हा.

"सगळं ओतलंस?"

"थेंब ठेवला नाही."

"अगं," बाबा खालच्या आवाजात म्हणाले, "ती रम होती. चेरी ब्रँडी पण."

"रम? केकात?" आईचा हात पदराकडे गेला. "आणि तुम्हाला काय माहीत?"

बाबांनी दुसरा बूट काढला. "ऑफिसात ऐकलंय," ते म्हणाले.

इथे लेकीने कॉफीचा कप खाली ठेवला. "वेट. आजोबा ड्रँक?"

"आजोबा केक खायचे," मी म्हटलं. "ऐक पुढे."

आईने पुन्हा कुंदाकाकूंना फोन केला. कुंदाकाकू म्हणाल्या, "मला काय माहीत? मी आवळ्याचं सांगितलं!" आणि फोन ठेवला. आई ओट्याला टेकून बसली. नुसता केक गेला असता तर तिने दुसरा करून दिला असता. पण एका मुलीला तिची आई जवळ हवी होती, आणि ते हिने सिंकमध्ये ओतलं होतं. आईची स्वतःची आई साताऱ्याला होती आणि येण्याचं नाव घेत नव्हती. "आता तुम्ही जा आणि रम घेऊन या," एवढंच ती बोलली. बाबा इतक्या झपकन उठले, की आईने पुन्हा एकदा त्यांच्याकडे बघून ठेवलं.

बाबांनी आणलेली रम मुरांब्यात ओतली. पण पाक पिऊन तट्ट झालेली ती फळं रमकडे बघेनात. पोट भरलेल्या पाहुण्याला जिलबीचा आग्रह करावा तसं झालं.

टँटी आली ती मॅमीला घेऊन. मॅमी माझ्या खांद्याएवढी होती, अंगात एकावर एक स्वेटर, वर वेताची हॅट. तिने दारात उभं राहून पडदे पाहिले आणि दातांतून हवा आत ओढून 'च्यूऽऽ' असा लांबलचक आवाज काढला. ट्रिनिदादमध्ये या आवाजाने माणसाचा पार निकाल लावता येतो. मॅमीची त्यात हयात गेली होती.

आईने टँटीला वर बोलावलं. "मर्लताई, मॅमींच्या कानावर जायच्या आधी सांगते," असं म्हणून तिने सगळं सांगितलं, चाळणीसकट. टँटीने चमचा मागितला. एक मनुका खाल्ली. मग कोटासकट खुर्चीत बसली.

"नेबर, तू माझी फळं धुतलीस?"

"हो."

"साबण?"

"छे छे! साबण कसा लावीन?"

"मग उपकार झाले," टँटी म्हणाली, आणि तिचे खांदे हलायला लागले. ती रडतेय असं वाटून आई रडायला लागली. टँटी हसत होती. मग आईला रडताना पाहून तीही रडायला लागली. बाबा हळूच उरलेली रम घेऊन पुढे आले, ती टँटीने घेतली.

केक दोघींनी मिळून केला, आमच्या स्वयंपाकघरात, मॅमीच्या नाकापासून एक मजला वर. त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या घरात अंडी आली. टँटीने त्यांत लिंबाची साल किसून घातली, अंड्याचा उग्र वास मरावा म्हणून. आई म्हणाली, अंड्याशी कुणी इतक्या शहाणपणाने वागताना ती प्रथमच बघतेय. मग साखर जाळायची वेळ आली. केकचा काळा रंग त्या जळलेल्या साखरेचा. साखर तपकिरी झाली तशी आईने पातेलं उतरवलं.

"नेबर, ठेव ते परत."

"अहो, लागेल!"

"लागायलाच पाहिजे."

साखर काळी झाली, धूर निघाला, आईने पुन्हा उतरवलं. टँटीने तिला हाताला धरून बाहेरच्या खोलीत नेऊन बसवलं आणि मला पहाऱ्यावर ठेवलं.

ख्रिसमसच्या दिवशी खाली सगळी गल्ली जमली होती. गुलाबाच्या रंगाचं, आंबटगोड अंबाडीच्या फुलांचं सरबत होतं, शिवाय हॅम, म्हणजे भाजलेलं डुकराचं मांस. दारात गाणारी मंडळी आली, त्यांच्याकडे छोटी गिटार आणि बिया भरलेले खुळखुळे. ते त्यांच्या आजोबांपणजोबांपासून चालत आलेली स्पॅनिश गाणी गात होते, ज्यांतला एक शब्द त्यांनाही कळत नव्हता. आई म्हणाली, "आपल्याकडे मंगलाष्टकांचं असंच असतं." सगळे हसत होते, पण टँटीचं लक्ष एका ताटलीवर होतं. मॅमी खुर्चीत बसली होती आणि ताटलीत केकचा तुकडा होता.

मॅमीने घास घेतला. चावला. खुळखुळे थांबले.

"हा ख्रिसमस केक नाही," मॅमी म्हणाली.

टँटीने डोळे मिटले. आई पुढे झाली. "मॅमी, चूक माझी आहे. मर्लताईचा काही दोष नाही. मी धुतलं."

"काय धुतलंस?"

"फळं. मला वाटलं, आंबली."

मॅमीने हॅट मागे सारली. तिने आईकडे पाहिलं, मग केककडे, मग पुन्हा आईकडे. "यात वेलची आहे," ती म्हणाली. "मला ठाऊक आहे ही. आमच्या बेटावर हिंदूही पुष्कळ. अंगणापलीकडेच एक बाई राहायची, ती दिवाळीला भात करायची गोड. तीही अशीच, सारखी काहीतरी वाचवत असायची माझं." मग तिने तो आवाज काढला, 'च्यूऽऽ', इतका लांब की मला वाटलं, खोलीतली हवा संपेल. "मर्ल, मी या बाईच्या हाती तुला टाकून जाऊ? पुढच्या ख्रिसमसला ही हॅट धुवेल माझी. फळं आण. आत्ताच भिजवते. आणि मुरेपर्यंत मी हलणार नाही."

म्हणजे वर्षभर. टँटीला हे समजायला थोडा वेळ लागला. मग ती मॅमीच्या खुर्चीपाशी खाली बसली आणि उठेचना.

नवी बरणी मॅमीच्या खोलीत, तिच्या पलंगाशेजारी राहिली. आई भेटायला गेली की मॅमी म्हणायची, "बघ. पण तिथून."

पुढच्या ख्रिसमसला केक झाला. मॅमी म्हणाली, साखर कमी जाळलीय, मर्लला अजून येत नाही, आणखी एक वर्ष थांबावं लागेल. त्याच्या पुढच्या वर्षी लिंबाची साल कमी पडली. मग भट्टी जास्त झाली. मॅमीचं म्हातारपण केकच्या चुकांवर पुढे पुढे सरकत राहिलं. एका डिसेंबरात मी जिन्यात बसले होते तेव्हा खालच्या स्वयंपाकघरात आईचा आवाज ऐकला. "मर्लताई, या वर्षी काय बिघडवायचं?" टँटी म्हणाली, "लवंग जास्त घालू?" "घाला. पण खाता आला पाहिजे."

आणि एका वर्षी गफलत झाली. दोघींना वाटलं, दुसरीने बिघडवलाय. कुणीच बिघडवला नव्हता. मॅमीने घास घेतला. तिने तो तुकडा पूर्ण संपवला, बोटाने ताटलीतला चुरा टिपला. टँटीने आईचा हात इतका घट्ट धरला होता, की बांगड्या रुतल्या.

"हं," मॅमी म्हणाली. "केक जमला."

तिने ताटली बाजूला सारली.

"आता हॅम," मॅमी म्हणाली. "मर्लचं हॅम म्हणजे लाकूड."

आईने जन्मात कधी हॅमला हात लावला नव्हता, समोर आलं तर ती मान फिरवायची. ती पुढे वाकली आणि अगदी गंभीरपणे तिने विचारलं, "मॅमी, हॅम शिकायला किती वर्षं लागतात?"

"तू वरच्या मजल्यावर आहेस तोवर," मॅमी म्हणाली, "तिचं शिकून व्हायचं नाही."